नस मोकळी झाली, पण जोर का येत नाही?

प्रश्न : माझे वय ५८ वर्षे. उजव्या कोपरात दबलेली नस मोकळी करण्याची शस्त्रक्रिया होऊन आठ महिने झाले. करंगळी व अनामिकेतील मुंग्या जवळजवळ थांबल्या आहेत. परंतु किल्ली फिरवताना जोर लागत नाही आणि अंगठा व तर्जनी यांच्यामधला, शस्त्रक्रियेपूर्वीच पडलेला खळगा भरलेला नाही. नस जागेवरून पुढे सरकवायला हवी होती, असे एकाने सांगितले. शस्त्रक्रिया फसली का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मुंग्या थांबल्या, यावरून नसेवरचा दाब उतरला असावा असे दिसते. जोर येण्याचे गणित मात्र वेगळे आहे. दाबामुळे ज्या तंतूंचे केवळ आवरण बिघडलेले असते ते काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सावरतात. पण जे तंतू मेले, ते कोपरापासून नव्याने वाढत दिवसाला सुमारे १ मिलिमीटर या गतीने पुढे सरकतात, आणि कोपरापासून तळहातातील स्नायूंपर्यंतचे अंतर साधारण २५ ते ३० सेंटिमीटर असल्याने त्यांना तेथे पोहोचण्यासच सुमारे आठ ते दहा महिने लागतात. तोपर्यंत स्नायू वाट पाहतोच असे नाही. वर्ष-दीड वर्ष नसेविना राहिलेला स्नायू बहुधा पूर्ववत होत नाही. म्हणूनच दीर्घकालीन निकाल शस्त्रक्रियेच्या पद्धतीपेक्षा त्या वेळी नस किती बिघडली होती यावर अधिक ठरतो. आपल्या बाबतीत खळगा, म्हणजे स्नायू सुकल्याची खूण, आधीच पडलेला होता, त्यामुळे जोर काही अंशी वाढेल, पण खळगा पूर्ण भरेल अशी आशा मी दाखवणार नाही.

नस पुढे सरकवण्याचा आग्रह अनेकांचा असतो. नस जागेवरच मोकळी करणे आणि पुढे सरकवणे या दोन्ही पद्धतींची तुलना करणाऱ्या चाचण्यांत निकालात लक्षणीय फरक आढळला नाही. उलट सरकवण्यात जखमेच्या तक्रारी अधिक दिसल्या. कोपर वाकवताना नस हाडावरून निसटत असेल, तर गोष्ट निराळी.

पुन्हा शस्त्रक्रियेचा विचार मुंग्या परतल्या किंवा अशक्तपणा वाढत गेला तरच करावा, आणि त्याआधी मानेतील नस, मधुमेह आणि, आपल्याकडे विसरून चालणार नाही असा, कुष्ठरोग तपासावा. नस जाड लागणे व त्वचेवर बधिर चट्टा असणे ही त्याची खूण. वर्ष पूर्ण झाल्यावर नसांची विद्युत् तपासणी पुन्हा करून घ्यावी आणि तिला जाताना शस्त्रक्रियेपूर्वीचा अहवाल सोबत न्यावा.