नवीन स्पार्क प्लगचा गॅप सेट करताना प्लग खराब होऊ नये म्हणून काय काळजी घ्यावी?

गॅप म्हणजे प्लगच्या टोकाचा मधला इलेक्ट्रोड आणि त्याच्यावर वाकलेला बाजूचा इलेक्ट्रोड यांच्यातलं अंतर; ठिणगी तिथेच उडते. ते आधी मोजा. माप बरोबर असेल तर प्लगला हात लावू नका. गॅप सेट करायचा म्हणजे काहीतरी वाकवलंच पाहिजे, हा समज पहिल्यांदा डोक्यातून काढा. नवीन प्लग कारखान्यातून गॅप लावूनच येतो. आपण तपासायचं एवढ्यासाठी की एकच प्लग वेगवेगळ्या इंजिनांत बसतो, आणि प्रवासात खोकं आपटलेलंही असू शकतं.

आणि मोजायला वायर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या तारांचं मापक, घ्या. कडेने हळूहळू जाड होत जाणारी जी गोल चकती सगळीकडे मिळते, ती इरिडियम किंवा प्लॅटिनमच्या प्लगजवळ आणूसुद्धा नका. गॅपमध्ये सरकवून फिरवली की ती पाचरीचं काम करते आणि सगळा दाब मधल्या इलेक्ट्रोडवर येतो.

हे इतकं ठासून सांगतोय कारण आमच्या घरात यावरून एक वाद आजही मिटलेला नाही. माझा थोरला भाऊ गाड्यांतला जाणता माणूस. कार्ब्युरेटरच्या इंजिनांवर त्याचा हात बसलेला. जुन्या इग्निशनचे पॉइंट आणि प्लग यांचा गॅप हॅक्सॉच्या पात्याने लावणाऱ्यांच्या हाताखाली तो शिकला. मी गाडीला इरिडियमचे प्लग आणले तेव्हा बसवायला साहजिकच दादा आला. मॅन्युअलमध्ये गॅप १.१ मिलिमीटर, प्लगच्या नंबरातही शेवटी -११, म्हणजे तेच माप. मी म्हटलं, वायरने नुसतं तपासू. दादाने खिशातून चकती काढली. एका प्लगमध्ये ती घट्ट गेली, तर त्याने चकतीची कड मधल्या इलेक्ट्रोडवर टेकवली आणि बाजूचा इलेक्ट्रोड उचलला. मी तिथल्या तिथे म्हटलं, दादा, मधल्यावर जोर देऊ नकोस. "मी हेच करत आलोय," म्हणाला, आणि प्लग बसवून मोकळा झाला.

गाडी आयडलला छान चालायची. चढ लागला, पाय दाबला की मिसिंग, म्हणजे एखादा सिलेंडर पेटायचा चुकायचा. दादाचं निदान तयार: प्लगला व्होल्टेज पुरवणारी कॉइल वीक झाली. आता लोडवरच मिसिंग का येतं, हे त्यालाही ठाऊक आहे. सिलेंडरमधला दाब जितका जास्त, तितकं ठिणगी उडायला व्होल्टेज जास्त लागतं; मग वीज जिथून सोपं पडेल तिथून पळते. कॉइल दुबळी असली तरी लक्षण असंच दिसतं, म्हणून त्याचं म्हणणं वरवर पटण्यासारखं होतं. स्कॅनरवर कोड आला पी०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलेंडरला मिसफायर. मी दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलेंडरच्या कॉइल अदलाबदल केल्या. कोड पुसून गाडी चढावर नेली. पुन्हा पी०३०२. कॉइल खराब असती तर दोष तिच्याबरोबर तिसऱ्यावर गेला असता. मग कॉइल जागेवर ठेवून त्याच दोन सिलेंडरचे प्लग अदलाबदल केले, तर कोड पी०३०३, म्हणजे दोष प्लगबरोबर तिसऱ्यावर गेला. आणखी काय पुरावा हवा?

तो प्लग काढून भिंगाखाली धरला. इरिडियमचं टोक ०.४ ते ०.६ मिलिमीटरच्या आसपास असतं, मेकॅनिकल पेन्सिलीच्या शिशाएवढं. ते एका बाजूला झुकलेलं होतं आणि बुडाशी पांढऱ्या चिनी मातीवर केसाएवढी करडी रेघ. ती घाण नव्हती. नखाला लागत होती. ठिणगी त्या तड्यातून आतल्या आत बॉडीला जात होती. दादाला दाखवलं तर म्हणाला, प्लग मुळातच डिफेक्टिव्ह असणार. आजही घरात विषय निघाला की तो कॉइलवरच येतो. इरिडियम कडक असतं, लवकर झिजत नाही, २४०० अंशांच्या वर वितळतं, हे सगळं खरं. पण ते ठिसूळही असतं, आणि त्याच्याभोवतीची चिनी माती त्याहून ठिसूळ. इतक्या वर्षांचा हात होता म्हणून ती तडकायची थांबत नाही.

आता गॅप बदलायचाच असेल तर. फक्त बाजूचा, वाकवलेला इलेक्ट्रोड हलवायचा. गेजला खाच किंवा हूक असतो, तो त्या इलेक्ट्रोडच्या टोकाला अडकवून किंचित उचला. टेकू कशाचाही घेऊ नका, मधल्याचा तर नाहीच. कमी करायचा असेल तर त्याची पाठ लाकडी फळीवर अगदी हलकेच टेकवा, गेज आत न ठेवता. पुन्हा मोजा. वायर जरा घासून गेली पाहिजे, ढकलावी लागता कामा नये. ०.२ मिलिमीटरहून जास्त फरक काढावा लागत असेल तर वाकवत बसू नका, प्लगचा नंबरच चुकलाय. दोन-तीन बाजूच्या इलेक्ट्रोडचे प्लग असतील तर ते आहेत तसे बसवा. हातातून फरशीवर पडलेला प्लग मी तरी वापरत नाही. आतला तडा बाहेरून दिसत नाही.

दादाच्या बाजूने एक सांगायला हवं: साध्या निकेलच्या प्लगचा मधला इलेक्ट्रोड जाड असतो, आणि तिथे त्याची चकती चालून जाते. टेकू मात्र तिथेही नको. टर्बो बसवलेलं किंवा ट्यून केलेलं इंजिन असेल तर गॅप मुद्दाम कमी ठेवतात, तेव्हा ट्यून करणाऱ्याने दिलेलं माप घ्या, मॅन्युअलचं नाही.

बसवताना इंजिन गार हवं. आधी बोटांनीच फिरवत टेकेपर्यंत न्या. वायसरवाला नवीन प्लग असेल तर त्यापुढे पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. उतरत्या सीटचा, म्हणजे वायसर नसलेला, निमुळत्या बैठकीचा असेल तर एक षोडशांश फेरा पुरे. मॅन्युअलमध्ये टॉर्क दिला असेल तर तोच पाळा, आणि आट्यांना ग्रीस लावू नका. दिलेला टॉर्क कोरड्या आट्यांसाठी असतो, ग्रीस असेल तर त्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो.