'हमसायगी'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न एका वास्तुरचनाकार वाचकाचा आहे. इराणमधल्या जुन्या मोहल्ल्यांवरून सुचलेल्या एका वसाहतीच्या आराखड्याचं टिपण त्यांना मराठीत लिहायचं आहे. त्यात 'हमसायगी' हा फारसी शब्द सतत येतो. त्याला मराठी शब्द कोणता? आणि घराघरांमधल्या मोकळ्या जागांना 'सामायिक' म्हणायचं की 'सार्वजनिक'?

पहिल्याचं उत्तर सरळ आहे: शेजारधर्म. फारसीत 'हमसाया' म्हणजे शेजारी. त्यातला 'हम' हा संस्कृत 'सम'चा सख्खा भाऊ. 'सप्त'च्या जागी फारसीत 'हफ्त' येतो (आपला हप्ता तिथलाच), तसाच 'सम'च्या जागी 'हम'. 'साया' आणि आपली 'छाया' यांचंही मूळ एकच. म्हणजे हमसाया हा एकाच सावलीत राहणारा. पश्तून लोकांत तर दुसऱ्या टोळीच्या आश्रयाला येऊन राहिलेल्यालाही हमसाया म्हणत. या शब्दात आसऱ्याची छटा आहे, म्हणून नुसतं 'शेजार' कमी पडतं. 'शेजारधर्म' म्हटलं की देणंघेणं आणि जबाबदारी दोन्ही आली. मोहरममध्ये इराणात नवसाचं अन्न शिजवून शेजारीपाजारी वाटतात, त्याला नज्री म्हणतात. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, ही रीतही तिथे आहे. ज्या घरात शेजारणीची वाटी साखरेची चिमूट घालून परत जाते, तिथे हे वेगळं समजावून सांगायला नको. (नज्रीतला 'नज्र' तोच, जो आपल्या नजराण्यात आहे. दृष्ट लागते ती 'नजर' मुळात वेगळी.)

दुसऱ्या प्रश्नावर मात्र थोडं थांबायला हवं. 'सामायिक' हा मराठीत मालकीचा शब्द आहे: सामायिक भिंत, सामायिक विहीर, सातबाऱ्यावरचं सामायिक क्षेत्र. 'सार्वजनिक' म्हणजे कुणीही यावं अशी जागा. जुन्या इराणी शहराची खरी श्रीमंती या दोन शब्दांच्या मधे आहे, आणि टिपणात दोन्हीपैकी एकच शब्द सरसकट वापरलात तर तीच हरवेल.

यझ्द शहराचं उदाहरण घ्या. तिथली जुनी वस्ती 2017 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. बाजाराकडून घराकडे निघालं की आधी गुजर लागतो, मोहल्ल्याचा वाहता रस्ता. मग कूचा, म्हणजे गल्ली: दोन्ही बाजूंना मातीच्या गिलाव्याच्या उंच भिंती, आणि मधेमधे गल्लीवरच कमानीचं छप्पर, त्याला साबात म्हणतात. साबातामुळे समोरासमोरच्या भिंतींना एकमेकींचा आधार मिळतो आणि चालणाऱ्याला सावली. 'हमसाया' हा शब्द यावरून निघाला असं मी म्हणणार नाही, पण वाळवंटाच्या कडेच्या या गावात शेजाऱ्याची भिंत ही खरोखरच आपली सावली असते. कूच्यातून पुढे बनबस्त लागतो, म्हणजे पलीकडे वाट नसलेला बोळ. जुन्या रिवाजाप्रमाणे हा बोळ त्यावर दारं असणाऱ्या घरांच्या मिळून मालकीचा, आणि बाकीच्यांच्या संमतीशिवाय तिथे कुणाला नवं दार पाडता येत नसे. इथे 'सामायिक' अगदी चपखल बसतो.

आणि मग हश्ती. दारातून आत शिरल्यावरची ही घुमटाची छोटी जागा. आठकोनी म्हणून हश्ती, असं सहसा सांगतात (हश्त म्हणजे अष्ट), प्रत्यक्षात सगळ्याच आठकोनी नसतात. घुमटाच्या मधल्या झरोक्यातून तेवढा उजेड येतो, कडेने बसायला कट्टे असतात. काही ठिकाणी एका हश्तीतून दोन-तीन घरांची दारं फुटतात. पुढचा दालान मुद्दाम वळणाचा असतो, त्यामुळे हश्तीत बसलेल्या पाहुण्याला आतलं अंगण दिसत नाही. गप्पाही होतात आणि घराचा आडपडदाही राहतो. बाहेर दाराच्या दोन्ही अंगांना दगडी बैठका असतात. त्यांचं नाव पीरनशीन, म्हणजे म्हाताऱ्यांची बसायची जागा. दारावर कड्या दोन: पुरुषांसाठी जड दांडा, बायकांसाठी हलकं कडं. नाद वेगळा, त्यावरून दार कुणी उघडायचं ते आत ठरे.

या जागांना मराठी नावं शोधायला लांब जावं लागत नाही. पीरनशीनला ओटा म्हणा. हश्तीला वाड्यातली देवडी बरीच जवळची आहे. पण देवडीवर पहारा असे आणि ती एकाच वाड्याची, म्हणून अनेक घरांची हश्ती आली की 'सामायिक देवडी' लिहा. बनबस्तला 'बंद बोळ' पुरे. मोहल्ला मात्र बदलू नका. आपल्याकडे या शब्दाला एका समाजाच्या वस्तीचा अर्थ चिकटला आहे हे खरं, पण यझ्दच्या मोहल्ल्याला स्वतःचा हमाम, मशीद आणि पाण्याचं टाकं असे. 'आळी'त एवढं मावत नाही.

त्या टाक्याला तिथे आब-अंबार म्हणतात, म्हणजे पाण्याचं कोठार. पन्हाळ्याचा अंबारखाना पाहिलेल्याला 'अंबार' परका वाटणार नाही. यझ्दमध्ये सहा बादगीर, म्हणजे वारा खाली ओढून घेणारे मनोरे, असलेलं एक आब-अंबार आहे. खोल पायऱ्या उतरून लोक तिथलं गार पाणी भरत. 'टाकी' लिहिलंत तर वाचकाला गच्चीवरची काळी टाकी दिसेल, म्हणून 'सामायिक टाकं' बरं.

सक्काखान्याचं भाषांतर 'पाणपोई' असं सुचवलेलं पाहिलं, ते मला पटत नाही. रस्त्याकडेच्या कोनाड्यातलं हे पाणी करबलाच्या लढाईत पाण्यावाचून राहिलेल्या इमाम हुसेन आणि त्यांच्या साथीदारांच्या तहानेची आठवण म्हणून ठेवलेलं असतं. तिथे लोक मेणबत्ती लावतात, नवस बोलतात. मूळ शब्दच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत अर्थ द्या. पाणपोई तुमच्या आराखड्यात वेगळी दाखवता येईल.