20 लाखांचा फ्लॅट घेऊन भाड्याने दिला तर घरबसल्या उत्पन्न सुरू होईल का?

तुम्ही विचारलंय की हातात 8 लाख आहेत, वर 14 लाखांचं कर्ज काढून बदलापूर-वांगणीकडे स्वस्तातला वन बीएचके घ्यावा आणि भाड्यावर निवांत राहावं का. मी 2014 साली हेच केलं. आम्ही राहायला डोंबिवलीत, फ्लॅट बदलापूर पश्चिमेला. तो अजून आमच्याकडे आहे आणि विकायचा विचारही नाही. तरी टोकन देण्याआधी एवढं वाचा, कारण आम्हाला हे सांगणारं कोणी नव्हतं.

20 लाखांचा फ्लॅट 20 लाखांत पडत नाही. मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली, सोसायटीची ट्रान्सफर फी, वीजमीटर नावावर करणं, भाड्याने देण्याजोगी डागडुजी असं सगळं धरलं की 22 होतातच. महिना 6,500 भाडं धरा. एजंट वर्षाचे 78,000 सांगेल. पण जुना भाडेकरू गेला की नवा येईपर्यंत घर रिकामं राहतं, म्हणून एक महिना वजा करा. उरले 71,500. सोसायटीचा मेंटेनन्स महिना 1,200, घरपट्टी 4,000, दर दोन वर्षांनी एजंटला एक महिन्याचं भाडं, आणि रंग, नळ, गळती यांचे सरासरी 8,000 काढलेत की हातात पडतात 42,000 च्या आसपास. महिन्याला साडेतीन हजार. आणि 14 लाखांचा हप्ता, साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी, बसतो साधारण 12,150. म्हणजे दरवर्षी लाखभर रुपये पगारातून भरायचे. कर्ज फिटेपर्यंत याला उत्पन्न म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

याउलट तेच 8 लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत ठेवले, तर 7.4 टक्क्यांनी महिन्याला 4,933 रुपये येतात. त्यावर कर लागतो, पाच वर्षांत मुद्दल वाढत नाही, हे खरं. घराची किंमत वाढू शकते. पण ती विकल्याशिवाय हातात येत नाही आणि छोट्या फ्लॅटला गिऱ्हाईक मिळायला वेळ लागतो.

आता आमची चूक सांगते. फ्लॅट तळमजल्यावरचा. वरच्या मजल्यांपेक्षा दीड लाखाने स्वस्त, म्हणून आम्ही खूश. 26 जुलै 2019 च्या रात्री उल्हास नदी फुगली. बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती, तीच ती वेळ. सकाळी भाडेकरू ताईंचा फोन आला, "काकू, ओट्याला पाणी लागलंय, आम्ही पोरांना घेऊन वर बसलोय." गाड्या बंद. मी पोचले तिसऱ्या दिवशी. खोलीभर बोटभर चिखल, कपाटाचं प्लायवूड फुगून दारं उघडत नव्हती, आणि त्यांच्या मुलीच्या वह्या जिन्याच्या कठड्यावर एकेक पान सुटं करून वाळत घातलेल्या. माझं नुकसान रंग आणि वायरिंगचं. त्यांचा संसार भिजला होता. दोन महिन्यांचं भाडं मी घेतलं नाही. कोणी घेऊही नये. जुलै 2021 मध्ये पुन्हा पाणी शिरलं.

म्हणून तुमच्या यादीतल्या प्रत्येक फ्लॅटसाठी पूररेषेचा नकाशा बघा. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. आमच्याकडे दोन वर्षांच्या अंतराने दोनदा पाणी आलं, तेव्हा त्या आकड्यांवर निर्धास्त राहू नका. स्वस्त घर स्वस्त का आहे, याचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरं, स्टेशन. तुमचा भाडेकरू पहाटेची लोकल धरणारा असणार. तो भाडं आणि रिक्षा यांची बेरीज करूनच घर निवडतो. स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांच्या आतलं घर फार दिवस रिकामं राहत नाही. लांबच्या कॉम्प्लेक्समध्ये जिम, बाग सगळं असेल, पण तिथे भाडेकरू टिकत नाही, हे मी आजूबाजूला पाहत आले आहे. पाणी किती वाजता आणि किती वेळ येतं, उन्हाळ्यात टँकर लागतो का, हे एजंटला नको, तिथे राहणाऱ्या बाईला विचारा.

लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याने देतानाचा करार, 11 महिन्यांचा असला तरी नोंदवाच. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं, उलटं सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. भाडेकरूची पोलीस पडताळणीही करून घ्या. आणि भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी जे जादा शुल्क लावते, ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. आमच्याकडून काही वर्षं जास्त घेतलं जात होतं, लेखी पत्र दिल्यावर थांबलं.

आम्ही 2022 मध्ये कर्ज फेडून टाकलं. त्यानंतर कुठे भाडं आमच्या हातात राहायला लागलं, आणि आता त्यातून सासूबाईंची औषधं निघतात. हे मोलाचं आहे, म्हणूनच फ्लॅट ठेवलाय. पण त्याआधीची आठ वर्षं आम्ही दोघांनी पगारातून ओढली.

तुमच्या जागी मी असते, तर 14 लाखांचं कर्ज काढलं नसतं. आणखी तीन-चार वर्षं साठवून, भोगवटा प्रमाणपत्र (बिल्डिंग राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) मिळालेल्या जुन्या बिल्डिंगमधला 14-15 लाखांपर्यंतचा, पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट शोधला असता. कर्ज 4-5 लाखांच्या वर नको. आणि बघायला जाल तेव्हा भर जुलैत जा, स्टेशनवरून चालत. गेटवरच्या वॉचमनला विचारा, 2019 ला पाणी कुठवर आलं होतं. तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल.