मिडी कीबोर्डचा आवाज उशिरा येतो आणि रेकॉर्ड केलेलं गाणं तालाच्या मागे पडतं. नवा लॅपटॉप घ्यावा का?

नाही, निदान आत्ताच नको. तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

आधी कीबोर्डचं बघू. मिडी केबलमधून आवाज जातच नाही. कोणती पट्टी दाबली, किती जोरात दाबली (0 ते 127 मधला एक आकडा) आणि कधी सोडली, एवढाच निरोप जातो. 1983 पासून चालत आलेल्या पाच पिनांच्या केबलमधूनही एका सुराचा निरोप साधारण 1 मिलिसेकंदात पोचतो. उशीर होतो तो पुढे. कॉम्प्युटर आवाज तयार करतो आणि बाहेर सोडण्याआधी बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवतो. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने, म्हणजे सॅम्पल) 44,100 आणि बफर 1024 सॅम्पलचा असेल तर तिथेच 23 मिलिसेकंद गेले. बोटांना हे लगेच जाणवतं. बफर 128 वर आणा, तोच उशीर 3 च्या आत येतो. विंडोज असेल तर ऑडिओ इंटरफेसचा (माइक आणि हेडफोन कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्याचा) स्वतःचा आसिओ ड्रायव्हर, म्हणजे कमी उशिराने आवाज पोचवणारं सॉफ्टवेअर, निवडलाय ना, ते तपासा. ब्लूटूथ हेडफोन मात्र बाजूला ठेवा, बफर कितीही कमी केला तरी त्यांचा उशीर जात नाही.

बफर कमी केल्यावर आवाज तडतडू लागला तर जड ट्रॅक फ्रीझ करा (म्हणजे तात्पुरते तयार ऑडिओत बदला) आणि मास्टरवरचा, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथला, लिमिटर (आवाज ठराविक पातळीवर रोखणारा इफेक्ट) तात्पुरता काढा. मिक्सिंगला बसलात की बफर पुन्हा वाढवा.

आता गाणं. स्वतःचा आवाज कॉम्प्युटरमधून फिरून उशिरा कानावर आला की गाणारा नकळत रेंगाळतो. त्यासाठी इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग (माइकचा आवाज कॉम्प्युटरमधून न फिरता थेट हेडफोनमध्ये) सुरू करा आणि सॉफ्टवेअरमधलं बंद ठेवा.

एवढं करूनही माझं व्होकल मागेच पडायचं. कित्येक महिने मी प्रत्येक टेक (एकदा गाऊन केलेलं रेकॉर्डिंग) हाताने पुढे सरकवत होतो आणि आपलाच ताल कच्चा आहे असं धरून चाललो होतो. शेवटी इंटरफेसच्या आउटपुटमधून त्याच्याच इनपुटमध्ये एक केबल लावली. एका ऑडिओ ट्रॅकवर नुसती क्लिक ठेवली आणि ती दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड केली. (दुसऱ्या ट्रॅकचं मॉनिटरिंग आधी बंद करा, डायरेक्ट मॉनिटरिंगही, नाहीतर आवाज फिरत राहून शिट्टी घुमते.) मग दोन्ही वेव्हफॉर्म मोठे करून पाहिले. रेकॉर्ड झालेली क्लिक मूळ क्लिकवर बसायला हवी होती, ती 212 सॅम्पल मागे होती, म्हणजे जवळजवळ 5 मिलिसेकंद. ड्रायव्हर आपला उशीर सॉफ्टवेअरला कमी सांगत होता आणि सॉफ्टवेअर त्याच हिशोबाने टेक ठेवत होतं. सेटिंगमधल्या रेकॉर्डिंग ऑफसेटमध्ये (रेकॉर्डिंग किती सरकवायचं ते सांगायची जागा) तो आकडा भरला, पुन्हा मोजलं, क्लिकवर क्लिक बसली.

एक आग्रहाने सांगतो. व्होकल पक्कं होईपर्यंत साथीचे मिडी ट्रॅक ऑडिओत बदलू नका. गाणाऱ्याला काळी चार ही पट्टी चढी वाटली तर सगळी साथ दोन सूर खाली आणायला क्षणभर लागतो, आणि ऐकायला कृत्रिम वाटत नाही, कारण वाद्य ते सूर नव्याने वाजवतं. फक्त ड्रमचा ट्रॅक त्यातून वगळा, तिथे प्रत्येक पट्टीवर वेगळं वाद्य असतं.

क्लिकची चाचणी ज्या बफरवर गाणार आहात त्याच बफरवर करा. बफर किंवा सॅम्पल रेट बदलला की पुन्हा मोजा, काही ड्रायव्हरमध्ये हा फरकही बदलतो.