आईबाबांना घेऊन कोखेमला जायचंय, एक दिवस पुरेल का?

नाही पुरणार. तुम्ही लिहिलंय की आईबाबा सत्तरीचे आहेत आणि फ्रँकफर्टहून सकाळी निघून संध्याकाळी परतायचा विचार आहे. तसं करू नका. निदान दोन रात्री मुक्काम करा. मी कोब्लेन्झला राहत असताना कोखेमला बऱ्याचदा गेलोय आणि तिथली घाई मला फार खुपते. लोक किल्ल्यासमोर फोटो काढतात, वाइन पितात आणि निघतात.

कोखेम हे जर्मनीतलं सगळ्यात लहान जिल्ह्याचं ठिकाण. वस्ती जेमतेम पाच हजारांची, अख्ख्या कोखेम-झेल जिल्ह्याची साठेक हजार. किल्ला फ्रेंच फौजेने १६८९ मध्ये उद्ध्वस्त केला होता. पुढे १८६८ साली राव्हने नावाच्या बर्लिनच्या व्यापाऱ्याने ते अवशेष विकत घेऊन तो पुन्हा उभारला. चढ आहे, पण हंगामात वर जायला बस असते.

खरी गंमत नदीत आहे. मोझेल इथे इतकी वळणं घेते की कोखेमहून शेजारच्या एलरला पाण्याने जायचं तर वीसहून अधिक किलोमीटर पडतात, आणि रेल्वे तेच अंतर ४.२ किलोमीटरच्या बोगद्यातून कापते. हा बोगदा १८७० च्या दशकातला आहे आणि शंभरेक वर्षं तो जर्मनीतला सर्वात लांब रेल्वे बोगदा होता. म्हणून माझं सांगणं असं की एका दिवशी पाण्याने जा आणि दुसऱ्या दिवशी गाडीने.

बोटीने बाइलश्टाइनला जा, साधारण तासाभराचा प्रवास. वाटेत फांकेलला जलपाश लागतो. बोट आत शिरते, मागचं दार बंद होतं, पाणी चढतं आणि बोट हळूहळू वर उचलली जाते. बाबांना हे नक्की आवडेल. बाइलश्टाइन म्हणजे मूठभर घरं, एक पडका किल्ला आणि निवांतपणा. बोटी साधारण एप्रिल ते ऑक्टोबर चालतात, तेवढं सांभाळा.

ब्रेम गावचा कालमोंट मात्र खालूनच बघा. युरोपातल्या सर्वात उभ्या द्राक्षमळ्यांपैकी तो एक, काही ठिकाणी उतार ६० अंशांच्याही वर. जमीन स्लेटची, म्हणजे आपल्या शाळेतल्या पाटीच्या दगडाची. हा दगड दिवसभर ऊन पितो आणि रात्री वेलींना ऊब देतो, म्हणून इतक्या उत्तरेला रीस्लिंग ही पांढऱ्या वाइनची द्राक्षं पिकतात. तिथे ट्रॅक्टर चढत नाही. माणसं एकाच रुळावरच्या छोट्या गाडीने वर जातात आणि बरंचसं काम हातानेच करतात. ते बघितल्यावर मी तिथल्या बाटलीच्या किमतीबद्दल कधी कुरकुर केली नाही.

पाऊस लागला तर पलीकडच्या काठावर कोंडमध्ये जा. तिथे साध्या घरांखाली जर्मन मध्यवर्ती बँकेचं तळघर आहे. शीतयुद्धात शत्रूने खोट्या नोटा ओतून चलन बुडवलं तर लगेच बदलता यावं म्हणून १५ अब्ज मार्कांच्या राखीव नोटा १९८८ पर्यंत इथे लपवून ठेवल्या होत्या. आता तिथे संग्रहालय आहे.

राहायला नदीपासून दोन गल्ल्या आत खोली बघा, काठापेक्षा शांत असते. काठावरच्या घरांच्या भिंतींवर पुराच्या खुणा आणि सालं कोरलेली आहेत. डिसेंबर १९९३ ची खूण शोधा आणि आईंना तिच्याशेजारी उभं करा, म्हणजे पाणी किती चढलं होतं ते कळेल.

परतीच्या दिवशी थोडा वेळ उरला तर बोगद्यातून बुलायपर्यंत जाऊन या. तिथल्या दुमजली पुलावर वरून आगगाडी जाते आणि खालून मोटारी.