वायरिंगचे प्रश्न : पद्मिनीला रेसचं पॅनेल

प्रश्न : वडिलांनी १९७५ मध्ये घेतलेली प्रीमियर पद्मिनी आमच्याकडे अजून चालू आहे. मुलाने रेसच्या गाडीत असतं तसं इग्निशन पॅनेल मागवलंय. लाल झाकणाचा टॉगल (वर-खाली करायचा स्विच), दोन साधे टॉगल आणि सेल्फचं बटण. चावी काढून टाकून ते बसवायचं म्हणतो. सेल्फवर सॉलेनॉइड (विजेने खेचला जाणारा मोठा स्विच) आहे. बसवावं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : बसवा. पण चावी काढू नका.

रेसच्या गाडीला चावी नसते त्याला कारण आहे. हातमोजा घातलेल्या हाताने एका फटक्यात इंजिन बंद करता आलं पाहिजे. शिवाय तिथे अख्खी बॅटरी तोडणारा मोठा स्विच वेगळा असतो. निळ्या त्रिकोणातली लाल विजेची खूण पाहून ट्रॅकवरचा माणूस तो बाहेरूनच ओढतो. तुमची पद्मिनी मात्र रात्री दारात उभी राहणार. चावी नसली तर कोणीही झाकण उचलेल, बटण दाबेल आणि गाडी घेऊन जाईल.

म्हणून लाल झाकणाचा टॉगल चावीच्या पुढे जोडायचा. चावीकडून इग्निशन कॉईलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या) प्लसला जाणारी वायर टॉगलमधून न्या. कॉईल साधारण ४ अँपिअर घेते, टॉगलला ते जड नाही. याचा आणखी एक फायदा आहे. इंजिन बंद असताना टॉगल वर राहिला आणि सीबी पॉइंट (कॉईलचा करंट जोडणारे-तोडणारे) मिटलेल्या जागी थांबले असले, तर कॉईल तापत राहते आणि बॅटरी उतरते. चावी खिशात गेली की तो प्रश्नच मिटतो.

आता बटण. खरी काळजी इथे घ्यायची. सेल्फ फिरताना शंभरावर अँपिअर ओढतो, पण ते जाड केबलमधून सॉलेनॉइडमार्गे जातात, पॅनेलपर्यंत येत नाहीत. तरी सॉलेनॉइडची स्वतःची कॉईल आत खेचताना क्षणभर २०-३० अँपिअर मागते. पॅनेलच्या पाठीमागे ‘२० अँपिअर’ छापलेलं असलं तरी त्या बारक्या बटणावर तो भार टाकू नका.

नव्वदच्या दशकात माझ्याकडे एक फियाट टोचन करून आली होती. बटण थेट बॅटरीवरून घेतलेलं, मध्ये रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच) नाही. एका सकाळी बटणाचे पॉइंट आतून चिकटले. इंजिन सुरू झालं तरी सेल्फ सुटेना. मालकांनी इग्निशन बंद केलं, इंजिन थांबलं, सेल्फ फिरतच राहिला. डिकीतून पाना काढून बॅटरीचं टर्मिनल सोडवेपर्यंत आर्मेचर (सेल्फचा आतला फिरणारा भाग) काळं पडलं आणि सेल्फच्या केबलचं आवरण वितळलं. त्या बोनेटखाली पेट्रोलचा पाइपही होता. तेव्हापासून रिलेशिवाय सेल्फचं बटण मी कोणालाही जोडून दिलेलं नाही.

हॉर्नला लावतात तसलाच चार पायांचा, पण ४० अँपिअरचा चांगल्या कंपनीचा रिले घ्या. बॅटरीकडून ३० अँपिअरच्या फ्यूजमधून २.५ चौरस मिलिमीटरची वायर रिलेच्या ३० नंबरला. फ्यूज बॅटरीजवळच हवा. ८७ वरून सॉलेनॉइडच्या बारीक टर्मिनलला. ८५ बॉडी अर्थला. ८६ ला बटणाची वायर, आणि बटणाला सप्लाय टॉगलच्या पुढून. मग बटण चिकटलं तरी टॉगल खाली केला की रिले सुटतो. रिलेच चिकटला तर मात्र टॉगलचा उपयोग नाही, म्हणून बॅटरीच्या मायनसवर हाताने फिरवायचा कट-ऑफ स्विचही लावून घ्या. चावीवरचा मूळ सेल्फ तसाच राहू द्या.

काम सुरू करण्याआधी मायनस टर्मिनल काढा. थिंबल (वायरच्या टोकाची धातूची टोपी) नीट दाबून बसवा, नुसती वायर पिळून टेप गुंडाळू नका. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) वायर नेताना भोकाला रबर ग्रोमेट (कडी) हवाच. पत्र्याची धार दोन पावसाळ्यांत वायर सोलते.

आणि कृपा करून डॅशबोर्डाला भोकं पाडू नका. ५० वर्षांवरच्या, मूळ स्वरूपात जपलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय आहे. तुमची गाडी त्या वयाची आहे. डॅशबोर्डाखालच्या जुन्याच स्क्रूंवर पट्टी बसवा आणि पॅनेल तिच्यावर लावा. कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेला पत्रा एकदा कापला की तसा परत मिळत नाही. मुलाला उद्या पॅनेल नको वाटलं तर चार स्क्रू काढून वडिलांची गाडी होती तशी होईल.

प्रश्न : असल्याच पॅनेलवरचा एलईडी मी चार्जिंगच्या दिव्याच्या जागी जोडला. तेव्हापासून अल्टरनेटर चार्ज करत नाही.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : अल्टरनेटर बिघडलेला नसावा. चार्जिंगच्या जुन्या बल्बमधून जाणारा करंटच अल्टरनेटरच्या फील्डला (आतल्या चुंबकी कॉईलला) जागं करतो. एलईडीतून तेवढा करंट जात नाही. एलईडीला समांतर ६८ ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर लावला तरी चालतं, पण मी २ वॅटचा जुना बल्बच परत बसवतो. मग इंजिन सुरू करून बॅटरीवर मीटर धरा. १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले की काम झालं.