जुने चांद्रनकाशे वाचताना

प्रश्न : सतराव्या शतकापासूनचे चंद्राचे नकाशे आता संगणकावर पाहायला मिळतात. पण मेडलर या जर्मन खगोलशास्त्रज्ञाच्या नकाशात चंद्राच्या दक्षिण भागातले टायको विवर वर आहे आणि नव्या नकाशांत खाली. चूक कोणाची? (एक शिक्षिका, अंबाजोगाई)

चूक कोणाचीच नाही. खगोलीय दुर्बिणीत प्रतिमा उलटी दिसते, म्हणून अनेक निरीक्षक दक्षिण वर ठेवून नकाशे काढत. मेडलर आणि त्याचा सहकारी बेअर यांचा 1834 ते 1836 या काळातला चार भागांचा नकाशाही तसाच आहे. मुलांना शिकवताना खरी अडचण दिशांची येते. आपल्या आकाशातील पूर्व-पश्चिम पूर्वी चंद्रालाही लावत. 1961 मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने चंद्रावर उभ्या माणसाच्या दृष्टीने दिशा ठरवल्या आणि मारे क्रिसियम हा चंद्रावरचा काळसर सपाट प्रदेश पश्चिमेकडून पूर्वेकडे गेला. म्हणून आधी नकाशाचे साल पाहावे, मगच दिशा सांगावी.

प्रश्न : शाळेच्या भिंतीसाठी कोणता नकाशा छापावा? (जालना)

ह्यूस्टनच्या ल्युनर अँड प्लॅनेटरी इन्स्टिट्यूटच्या ऑनलाइन संग्रहातील 1:10,00,000 प्रमाणाचे नकाशे घ्यावेत. मूळ आकारात छापल्यास 1 मिलिमीटर म्हणजे 1 किलोमीटर, हे मुलांना पट्टीने मोजता येते.

प्रश्न : दोन काळांतले नकाशे ताडून चंद्र बदलल्याचे सिद्ध करता येईल का? (हौशी निरीक्षक, परभणी)

हा मोह फार जुना आहे. लोरमान आणि मेडलर या नकाशाकारांनी चंद्रावरचे लिने हे खोल विवर म्हणून नोंदवले होते. 1866 मध्ये अथेन्सहून श्मिट या खगोलशास्त्रज्ञाने जाहीर केले की तिथे आता केवळ पांढुरका डाग उरला आहे, आणि त्यावरचा वाद पुढे अनेक वर्षे चालला. यानांनी घेतलेल्या छायाचित्रांत तिथे सुमारे 2.2 किलोमीटर व्यासाचे, उजळ वलयाचे कोवळे विवर स्पष्ट दिसते. ते जवळपास आपल्या शेजारच्या लोणारएवढेच आहे आणि तेही बेसॉल्ट या ज्वालामुखीय खडकातच झालेले. एवढी लहान वस्तू त्या काळच्या दुर्बिणींच्या क्षमतेच्या काठावरची. सूर्य तिरपा असला की सावलीमुळे खोलगट भासे, वर आला की नुसता डाग उरे.

शिवाय हाताने काढलेला नकाशा एका रात्रीचा नसतो, अनेक रात्रींच्या टिपणांतून तो तयार होतो. आपल्याला तुलनाच करायची असेल, तर लेवी आणि प्विझ या खगोलशास्त्रज्ञांच्या 1896 ते 1910 मधील पॅरिसच्या छायाचित्रसंग्रहापासून सुरुवात करावी आणि सूर्याची उंची सारखी असलेलीच छायाचित्रे शेजारी ठेवावीत.